तब्येत, तालीम आणि वजनकाटा

सुट्टीत गावी गेलो की अम्मी दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि निकाल द्यायची. दोन-चार किलो वाढलेलो असलो तर "तब्येत सुधारली". उतरलेलो असलो तर "सूख गया बेटा", आणि मग जाईपर्यंत ताटात तुपाची धार. मधल्या काळात मला काय झाले, झोप लागते का, जिना चढताना दम लागतो का, याच्याशी त्या निकालाचा काही संबंध नसायचा.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एकदा आठवीच्या वर्गात फळ्यावर 'तब्येत' लिहून अर्थ विचारला. एका मुलाने 'मिजाज' असे उत्तर दिले. दुसऱ्याने काहीच न बोलता दोन्ही गाल फुगवून दाखवले. वर्ग हसला, पण गाल फुगवणारा मराठी बरोबर शिकला होता. अरबी 'तबीअत' म्हणजे स्वभाव, मूळ प्रकृती. उर्दूत ती बिघडते, रमते, कुणावर तरी जडते. मराठीत आल्यावर ती उतरायला लागली, सुटायला लागली, कमावता येऊ लागली. स्थळ बघून आलेली मंडळी 'मुलगी तब्येतीने बरी आहे' म्हणतात तेव्हा ती तापाने आजारी नाही असे त्यांना सांगायचे नसते.

व्यायामाच्या बाबतीत मराठीने आमच्याकडून असे बरेच शब्द घेतले. कसरत म्हणजे मुळात विपुलता, पुन्हा पुन्हा होणे. मेहनत म्हणजे कसोटी. उस्तादचा वस्ताद झाला. पहिलवान, खुराक आणि कुस्ती फारसीतून आले, आणि 'वजन' तर सरळ अरबी. सगळ्यांत मजेदार प्रवास 'तालीम'चा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा. मी बी.एड. झालो तेव्हा अब्बांनी त्यांच्या जुन्या दोस्ताला सांगितले, "लडके की तालीम पूरी हुई." तो माझ्या दंडाकडे बघत राहिला.

आमच्या शहराला या दोन तालमींची गल्लत नवी नाही. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) वसवले. फिरिश्ता हा इतिहासकार इथेच लहानाचा मोठा झाला आणि पुढे विजापुरात बसून त्याने दख्खनची हकीकत लिहिली. तो सांगतो की या सुलतानाला एकहाती तलवारबाजीचा इतका नाद होता की शहरातल्या तरुणांनी तेच धरले. इतर मुसलमानी शहरांत मदरसे असायचे, तसे इथे गल्लोगल्ली तलवारबाजीचे आखाडे निघाले, चार माणसे जमली की दुसरा विषय नसायचा. पुढे त्यातून द्वंद्वे होऊन माणसे मरू लागली. 'तालीम' शब्दाचा मराठी अर्थ इथूनच आला असा दावा मी करत नाही. पण ज्या शहरात मदरशाच्या जागी आखाडा उभा राहिला त्या शहरात मी हा शब्द दोन्ही अर्थांनी शिकवतो, याची मला गंमत वाटते.

इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या 'कानून'मध्ये तब्येत राखण्याच्या प्रकरणात व्यायामाला पहिले स्थान आहे, मग आहार, मग झोप. व्यायामाची त्यांची व्याख्या वाचून मी थांबलो होतो. आपल्या इच्छेने केलेली अशी हालचाल, जिच्यामुळे श्वास खोल आणि लागोपाठ घ्यावा लागतो, असा तिचा मतलब आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमाने व्यायामाचे माप श्वासावर ठेवले होते. त्या व्याख्येत वजन कुठेच नाही. मग ते आमच्या डोक्यात कुठून शिरले?

एक दार तालमीचे. अब्बा तरुणपणी मोहल्ल्याशेजारच्या तालमीत जायचे. भिंतीवर मारुतीची तसबीर, वस्ताद मुसलमान, आणि मातीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय कुणी हौद्यात उतरायचे नाही. जोर, बैठका, आणि त्यावर खुराक: दूध, तूप, थंडाई, बदाम. जत्रेतल्या फडात तेव्हा वजनगट नसत. पंच दोघांना शेजारी उभे करून डोळ्यानेच जोड ठरवत. अशा कुस्तीत अंगावरचे दहा किलो खरोखर कामाला येत, त्यामुळे 'जड म्हणजे जोरकस' हे गणित हौद्यापुरते चूक नव्हते. ते हौद्यातून बाहेर पडून घराघरात गेले तेव्हा बिघडले. कुस्ती न खेळणाऱ्यानेही खुराक तेवढा उचलला. खरे तर स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात खेळले होते. आमच्याकडे एवढ्या वजनाच्या माणसाला आजही पाहुणे 'जरा खात जा' म्हणतील.

लग्नानंतर अब्बांची तालीम सुटली, खुराक सुटला नाही. दहा वर्षांत पोट पुढे आले. मोहल्ल्यात सगळ्यांनी एकमुखाने कारण सांगितले, की कसरत सोडली की कमावलेल्या मांसाची चरबी होते. हा समज इतका पक्का आहे की त्यावरून मुलांना सल्ला दिला जातो: पुढे सोडणारच असशील तर सुरूच करू नकोस. मांस आणि चरबी या दोन वेगळ्या पेशी आहेत. लोखंडाचे लाकूड होत नाही तसे एकीचे दुसरीत रूपांतर होत नाही. कसरत थांबली की स्नायू बारीक होतात, आणि चार माणसांचे जेवण तसेच चालू राहिले की चरबी साठते. दोन्ही एकाच वेळी घडते, म्हणून बघणाऱ्याला एकाचे दुसरे झाल्यासारखे वाटते. अब्बांना हे मी खूप उशिरा सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे दोष कसरतीचा नव्हता, माझ्या ताटाचा होता." आणि ताट पुढे ओढले.

दुसरे दार दुष्काळाचे, आणि ते जास्त जुने आहे. १८७६–७७, १८९६–९७, १८९९–१९००, मग १९७२. नगर जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागात दुष्काळ ही अधूनमधून येणारी पाहुणी नव्हे, घरातलीच बाई आहे. अम्मीचे माहेर कर्जत तालुक्यातले. १९७२ साली ती चौदा-पंधरा वर्षांची होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची मिलो ज्वारी यावर दिवस निघत. बाहेरून आलेली ती तांबडी ज्वारी घशाखाली उतरायची नाही, असे ती सांगायची. ज्या पिढीने बरगड्या मोजता येणारी माणसे पाहिली, त्या पिढीला गोल गाल म्हणजे अल्लाहची मेहेरबानी वाटली तर त्यात नवल काय? तिच्या 'तब्येत सुधारली'ला मी हसलो, पण त्या शब्दामागे काय आहे हे मला कळते.

जिल्ह्यात वजनकाटाही सुरुवातीला बारीकांसाठीच आला. कर्जतच्या शेजारी जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावातल्याच बायांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या बाया पाच वर्षांखालच्या मुलांची वजने करत आणि कुठले मूल सुकत चालले आहे ते ओळखत. वजन कमी म्हणजे धोका, वाढले म्हणजे मूल वाचले. त्या वेळी त्या काट्याचा हा अर्थ अगदी खरा होता. पन्नास वर्षांत काटा तोच राहिला, आणि आता आपण त्यावर उलट्या भीतीने उभे राहतो. आकडा खाली गेला की खूश, वर गेला की उदास. दोन्ही वेळा आपण काट्याला एकच गोष्ट विचारतो, 'मी ठीक आहे का?' आणि त्याला ते सांगता येत नाही.

हे मला अम्मीमुळे समजले. तिचे वजन आयुष्यभर ४७–४८ किलोच्या पुढे गेले नाही. पन्नाशीनंतर तिला थकवा यायला लागला, रात्री चार-चार वेळा उठावे लागायचे, पायाची जखम महिना झाला तरी भरेना. मी, माझ्या बहिणी, शेजारच्या खालाजान, सगळ्यांनी एकच म्हटले: काट्यासारखी तर आहे, हिला कुठली शुगर? शुगर जाड्या माणसांना होते. ती आम्ही तपासलीच नाही. तपासली तेव्हा बराच उशीर झाला होता, आणि पुढे तिच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. यात कुणा डॉक्टरचा दोष नव्हता. चुकीची माहिती आमच्या घरातली होती आणि ती सांगणाऱ्यांत मी, पदवीधर मुलगा, सगळ्यात पुढे होतो.

नंतर वाचू लागलो तेव्हा कळले की या प्रश्नावरचे जगभर नावाजलेले काम आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना दिसत होते की त्यांचे मधुमेही रुग्ण पुस्तकातल्यासारखे लठ्ठ नसतात. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत शेतावर राबणाऱ्या बायांची आणि त्यांच्या बाळांची नोंद ठेवली. तिथली बाळे जन्मताना सरासरी सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. आपले बाळ उंचीला, हातापायाला, पोटातल्या अवयवांना, स्नायूंना, सगळ्यात कमी. फक्त कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीदार. आईच्या पोटात असताना जे उपास घडले त्याचा हिशोब बाळाचे शरीर असा ठेवते. छप्पन्याच्या दुष्काळात काय झाले ते आमच्या पणज्यांनी सांगितले नाही, पण त्याची काही खूण आमच्या अंगात असेल असे आता वाटते.

२००४ च्या जानेवारीत याज्ञिकांनी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत 'लॅन्सेट'मध्ये दोघांचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही 'नॉर्मल'. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एक मॅरेथॉन धावणारे. दुसऱ्यांनी स्वतःवर विनोद करून लिहिले होते की आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत गाठणे. वजनकाट्याला या दोघांत फरक दिसला नाही.

बीएमआयचा बिचाऱ्याचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने ते सूत्र मांडले. तो डॉक्टर नव्हता, त्याला लोकसंख्येतला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी दिले. अम्मी खडी फोडत होती ते हेच साल. भारतीयांसाठी आता धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात, आणि कमरेचा घेर वेगळा मोजायला सांगतात: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. शिंप्याची टेप काट्यापेक्षा खरे बोलते, एवढे मी आमच्या मोहल्ल्यात सांगत फिरतो.

आता थोडे एसटीविषयी. विषयांतर वाटेल, पण नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. नगरकरांना याचा अभिमान आहे, मलाही आहे. साधारण त्याच सुमाराला, १९४९ मध्ये, लंडनच्या बसगाड्यांवर जेरी मॉरिस नावाचा एक डॉक्टर नजर ठेवून होता. दुमजली बस, पगाराने आणि वस्तीने सारखेच दोन माणूस, एक दिवसभर बसून गाडी चालवणारा, दुसरा तिकिटे फाडत दिवसाला पाचशे-सहाशे पायऱ्या चढणारा. सुमारे ३१ हजार कामगारांच्या नोंदी तपासून १९५३ मध्ये त्याने छापले की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो, झालाच तर उशिरा आणि सौम्य होतो. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनी दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास.

लोकांनी लगेच शंका काढली की कंडक्टर मुळातच सडपातळ असतील. मॉरिस हट्टी. त्याने कंपनीच्या गणवेशांच्या नोंदी मिळवल्या आणि सगळ्यांच्या पँटींची कंबर मोजली. ड्रायव्हरांच्या पँटी खरेच मोठ्या निघाल्या, नोकरीला लागतानासुद्धा. म्हणजे शंका अगदीच वावगी नव्हती. पण पुढच्या दहा वर्षांत हिशोब आणखी खोलात गेला, तेव्हा दिसले की सडपातळ, मध्यम, जाड, कंबर कुठल्याही मापाची असो, कंडक्टरला अचानक मरण येण्याचा धोका त्याच मापाच्या ड्रायव्हरपेक्षा कमीच. जाडा कंडक्टर पायऱ्या चढून बारीक झाला नव्हता. तो जाडाच राहिला, आणि तरी त्याला फायदा झाला. आमच्या एसटीला जिने नव्हते, पण भरल्या गाडीत नगरपासून शिरूरपर्यंत तिकिटे फाडणाऱ्याला कुणी विचारून बघावे. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षे जगला.

ही गोष्ट मी आमच्या शाळेतल्या एका आपांना सांगितली. त्या फजरनंतर रोज पाऊण तास चालत. तीन महिन्यांनी वजन केले तर एक किलोही धड उतरले नव्हते. "सर, मेहनत फुकट गेली," म्हणाल्या आणि चालणे बंद केले. मी म्हटले, साखर तपासली का? दम किती लागतो? तपासले नव्हते, कारण चालण्याचा हेतूच वजन होता. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, वजन हलो वा न हलो. पोटाच्या आतली, अवयवांना वेढणारी चरबीही काटा स्थिर असताना कमी होऊ शकते. काट्यावर दिसत नाही म्हणून काही झालेच नाही असे होत नाही.

वजन का उतरले नाही याचेही साधे गणित आहे. एक किलोमीटर धावायला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. ६० किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर झाल्या तीनशे, म्हणजे एक वडापाव. एक किलो चरबीत ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे असे पंचवीस दिवस, तेही वडापाव न खाता. त्यात शरीर हुशार. टांझानियातले हाड्झा लोक अजून शिकारीवर आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर यांनी त्यांच्या दिवसभराच्या कॅलरी मोजल्या तर शरीराच्या मापाच्या हिशोबाने त्या अमेरिकेतल्या बैठ्या माणसाइतक्याच भरल्या. धावून वजन उतरतच नाही असे मी म्हणत नाही. आमच्या सीमेला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात असताना अंगाने सुटला होता. त्याने सुमारे २० किलो उतरवले आणि २०१८ मध्ये गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा ३,००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पण त्याचा सराव आणि आपले सकाळचे पाऊण तास, यांची तुलना करू नये.

मैदानावर भरतीची तयारी करणारी मुले येतात. पोलीस भरतीला मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८००. यातली काही मुले एप्रिलच्या उन्हात अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून, वर जॅकेट घालून धावतात. घाम गळाला की चरबी गळाली, असा हिशोब. घाम म्हणजे पाणी. दोन तांबे प्यायले की काटा जागेवर येतो, आणि नाही प्यायले तर माणूस उष्माघाताने पडतो. पैलवानांना हे पूर्वीपासून माहीत आहे, वजनगटासाठी ते एका रात्रीत पाणीच उतरवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटने रात्रभर धावून, घाम काढून, केस कापून पाहिले. सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत हातची गेली. तिच्या अंगातली चरबी त्या रात्री कमी-जास्त झाली नव्हती. मी मुलांना हे सांगितले तर एकाने लगेच जॅकेट काढले. दुसरा म्हणाला, "सर, तुम्ही भाषेचे शिक्षक ना?"

आपांना मी शेवटी मॉरिस किंवा याज्ञिक नाही, अबू दाऊदमधली रिवायत सांगितली. ती त्यांना ठाऊक होतीच. हजरत आयशा (रजि.) सांगतात की एका सफरीत त्यांनी प्रेषितांबरोबर (स.) धावण्याची शर्यत लावली आणि त्या पुढे गेल्या. पुढे काही काळाने, अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली. या वेळी प्रेषित (स.) पुढे गेले, आणि म्हणाले की मागची बरोबरी झाली. आपल्याकडे ही रिवायत नवरा-बायकोच्या प्रेमाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अंग भरल्याचे त्या स्वतः सांगतात, त्यात संकोच नाही. आणि अंग भरल्यावरही त्या धावल्या.

आपा थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते लंडनच्या पँटींचं पुन्हा सांगा बरं." आता त्या पुन्हा चालतात. वजनकाटा त्यांनी बहिणीच्या घरी पाठवून दिला आहे, आणि बहीण रोज फोन करून तिचे वजन त्यांना कळवते.